नाव लावायला जागा

फांगबाईंच्या वर्गात तीन ओव्हन होते आणि पाव भाजायची आवड असलेलं मूल एकही नव्हतं. पहिला ओव्हन व्यापाऱ्यांच्या क्लबाने दिला, दुसरा एका बँकेने, तिसरा कुणा कारखानदाराने वडिलांच्या स्मरणार्थ. तिन्हींवर देणाऱ्याचं नाव तांबड्या अक्षरांत, दारातूनही वाचता यावं इतकं ठळक. कोपऱ्यात चाकाच्या दोन खुर्च्या घडी करून ठेवलेल्या. वर्गातली झाडून सगळी मुलं मधल्या सुटीत कुंपणावरून उड्या मारणारी, पण 'विशेष वर्ग' म्हटलं की देणाऱ्याला चाकाची खुर्चीच आठवते, त्याला कोण काय करणार? अंग चेपून देणारी विजेची आरामखुर्चीही कुणीतरी दिली होती. तिच्यात मुख्याध्यापक बसत.

फांगबाईंना यांतलं काही नको होतं. त्यांना एक माणूस हवा होता. रोज सकाळी थांब्यावर उभा राहील, वर्गातल्या आ-छिंगबरोबर बसमध्ये बसेल, चियाई शहरापर्यंत जाईल आणि तिला घेऊन परत येईल असा. आधी शेजारच्या सीटवर, मग मागच्या, मग पार शेवटच्या बाकावर, आणि शेवटी स्वतःच्या घरी. तो घरी बसला आणि आ-छिंग एकटी जाऊन आली की काम फत्ते. पण एवढ्या कामाला पैसे द्यायला अख्ख्या तैवानात कुणी तयार होईना.

आ-छिंग पंधरा वर्षांची. अक्षरांशी तिचं कधी जमलं नाही, पण बसच्या पाटीवरचे आकडे तिला ओळखू येत. बोलायची कमी, आणि बोललीच तर एखाददुसरा शब्द. मागच्या वर्षी बाईंनी मुलांना शहरातली व्यवसायशाळा दाखवायला नेलं, तिथे एक हॉटेलची खोली मांडलेली होती. बाकीची मुलं पलंगावर नाचायच्या बेतात, आणि आ-छिंगने चादरीचा कोपरा ओढून असा बसवला की तिथल्या शिक्षिकेने दुसरी चादर आणून तिला पुन्हा करायला लावलं. तेव्हापासून घरात चादर, टॉवेल, आजीचे ॲप्रन, जे हाताला लागेल त्याची घडी. ती शाळा तिला घ्यायला तयार होती. अट एकच, मुलीला एकटीने येता-जाता आलं पाहिजे, कारण समुद्राच्या बाजूला शाळेची गाडी येत नाही. बाप दूरच्या समुद्रातल्या बोटीवर. आई केव्हाच निघून गेलेली. आजी पहाटेपासून कालवं फोडायला बसायची, तिला उठून शहरात जाणं शक्य नव्हतं. उन्हाळ्याच्या आत बस जमली नाही तर आ-छिंगनेही आजीशेजारी स्टूल टाकून जन्मभर कालवं फोडायची, हे ठरल्यासारखंच होतं. त्या कामात वाईट काही नाही. पण पोरीला ते आवडत नव्हतं, आणि तिला काय आवडतं हे विचारायच्या भानगडीत फांगबाईंशिवाय कुणी पडलं नव्हतं.

जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात अनुदान बघणारी मुलगी फोनवर फार गोड बोलायची. बाईंना तिच्या गोडव्याचीच धास्ती वाटे.

"बाई, हा माणूस कुठल्या रकान्यात टाकू? उपकरण की खर्च होणारी वस्तू?"

"माणूस आहे गं तो."

"ते कळलं. पण उपकरण धरलं तर त्याला मालमत्तेचा नंबर चिकटवावा लागेल. आणि खर्च होणारी वस्तू धरली तर वर्षअखेर ती संपायला पाहिजे."

"संपेल की. सगळं नीट झालं तर उन्हाळ्यानंतर तो लागणारच नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग तोच गोड आवाज. "म्हणजे पुढच्या वर्षी जे लागणारच नाही, त्याला या वर्षी पैसे कशाला द्यायचे, बाई?"

फांगबाईंनी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला.

मग तैपेईहून एका मोठ्या संस्थेचा तरुण आला. केस चोपून बसवलेले, बुटांना नावालाही धूळ नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि विचारलं, "पण यात दाखवण्यासारखं काय आहे? मुलगी बसमध्ये बसली आहे. बरं, मग?"

"मग ती उतरते," फांगबाई म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी. आमच्या देणगीदारांना आधी आणि नंतर असा फरक दिसावा लागतो. आधी थोडे डोळे भरून आलेले, नंतर हसू. रडायलाच पाहिजे असं नाही हां." त्याने वर्गावर नजर फिरवली. "तुम्हाला ओव्हन हवा का? ओव्हनचं लगेच होईल."

मुख्याध्यापक आरामखुर्चीतून म्हणाले, "घ्या हो बाई, घ्या. देणाऱ्याला नाही म्हणू नये, पुढच्या वेळी तो येत नाही."

"चौथा ओव्हन ठेवू कुठे, सर? तुमच्या मांडीवर?"

मुख्याध्यापक हसले. बाई हसत नव्हत्या हे त्यांच्या लक्षात यायला अंमळ वेळ लागला. त्या तरुणाने जाता जाता दारातल्या ओव्हनचा फोटो मात्र काढून नेला.

शेवटी उरलं गावचं माझूदेवीचं देऊळ. समुद्राची देवी ती, गावात तिच्याएवढी श्रीमंत दुसरी कुणी नाही. फांगबाई तिथे जायचं टाळत होत्या, कारण देवळात खांबाखांबावर, कौलाकौलावर, पाण्याच्या नळावरसुद्धा देणाऱ्याचं नाव कोरलेलं. जिथे नळाला नाव लागतं तिथे बिनानावाचं काम कोण करील? पण अडला हरी, दुसरं काय.

देवळाचे चेअरमन लू म्हणजे बर्फाच्या कारखान्याचे मालक. सत्तरी ओलांडलेली, आवाज खणखणीत, समोर कायम चहाच्या वाटीएवढ्या कपांची रांग. त्यांनी बाईंचं बोलणं मध्ये न बोलता ऐकून घेतलं. याआधी कुणी तेवढंही केलं नव्हतं.

"म्हणजे पोरीला बस शिकवायची."

"हो."

"बास?"

"बास."

"मग त्यात एवढं अवघड काय आहे? देवीला विचारू."

लू चेअरमननी लाकडाचे दोन अर्धचंद्र कपाळाला लावले आणि फरशीवर टाकले. एक उताणा, एक पालथा. होकार. दोन्ही पालथे पडले असते तर नकार, आणि दोन्ही उताणे पडले असते तर देवी हसली, पुन्हा नीट विचारा. पण देवीने पहिल्याच फटक्यात हो म्हटलं, ना रकाना विचारला ना फोटो. फांगबाईंच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. तो तैपेईचा तरुण तेव्हा हवा होता.

"फक्त एक," चेअरमन म्हणाले, आणि कपाटातून केशरी जाकीट काढलं. पाठीवर देवळाचं नाव, छातीवर चेअरमनचं. "बरोबर जाणाऱ्या माणसाने हे घालायचं. आणि महिन्याला एक फोटो. समितीला दाखवावं लागतं हो. नाहीतर म्हणतील, लूने पैसे बसभाड्यात उडवले."

देवीने अट घातली नव्हती, चेअरमननी घातली. भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायची ती वेळ होती. पण फांगबाई इतक्या ठिकाणी तोंडाला पानं पुसून घेऊन आल्या होत्या की जाकीट त्यांना अगदीच हलकं वाटलं. त्यांनी सही केली. पुढचं सगळं या सहीने झालं, आणि त्याबद्दल त्या स्वतःवर जितक्या चिडल्या तितक्या शिक्षण कार्यालयावरही चिडल्या नव्हत्या.

माणूस मिळाला तो यानकाकू. गुडघ्यांमुळे मासळीबाजारातलं काम सोडलेली, तोंड मात्र शाबूत असलेली बाई. जाकीट तिला फारच आवडलं. ते घातलं की भाजीवाली कोथिंबीर फुकट घालते, असं तिचं म्हणणं.

काम झपाझप पुढे सरकलं. आ-छिंग थांब्यावर उभी राहू लागली, बस आली की हात करू लागली, कारण इकडे हात केला नाही तर बस थांबत नाही, नुसती धूळ उडवून जाते. कार्ड टेकवणं जमलं, बटण दाबणं जमलं. यानकाकू शेजारून मागच्या सीटवर गेली, मागून शेवटच्या बाकावर. पोरगी शहरात बरोबर उतरत होती. महिन्याला फोटो जात होता, चेअरमन खूश होते. फांगबाईंना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की एखादं अनुदान सरळही असू शकतं.

पहिल्या एकटीच्या फेरीला त्यांनी नेमका देवीच्या वाढदिवसाच्या आधीचा दिवस निवडला. यानकाकू घरी. बाई स्कूटरवरून बसच्या मागे. अर्ध्या वाटेवर दुसऱ्या गावच्या देवीची पालखी रस्त्यात आली, फटाक्यांच्या धुरात पुढचं काही दिसेना, आणि बाई तिथेच अडकल्या. कशाबशा शहरात पोचल्या तेव्हा बस रिकामी उभी होती.

"ती मुलगी? ती तर मघाशीच वाटेत उतरली, पालखीच्या गावात," ड्रायव्हर म्हणाला. "त्या देवळाच्या मंडळींबरोबर. तुमचीच ना ती सगळी?"

पुढचा तास फांगबाईंनी कसा काढला हे त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही. पालखीच्या गावात, देवळामागच्या मांडवात, त्यांना आ-छिंग सापडली. सेवेकऱ्यांचा घोळका, प्रत्येकाच्या अंगात केशरी जाकीट, आणि मधोमध आ-छिंग जेवणाच्या टेबलांवरच्या चादरी घड्या करत बसलेली. समोर शेवयांचा वाडगा.

"काय गुणाची पोर आहे हो," एक बाई म्हणाली. "आमच्याबरोबर उतरली आणि सरळ कामाला लागली."

"आ-छिंग, इथे का उतरलीस?"

आ-छिंगने घडी पुरी केली. मग म्हणाली, "केशरी उतरले."

फांगबाई मांडवातल्या स्टुलावर मटकन बसल्या. म्हणजे पोरगी बस शिकलीच नव्हती. ती जाकीट शिकली होती. यानकाकू शेवटच्या बाकावर बसली तरी काचेत तिचं केशरी दिसत होतं. ते उठलं की हिने उठायचं, ते वळलं की हिने वळायचं. नाव दिसावं म्हणून अंगावर चढवलेलं ते फडकं, आणि त्या नावानेच सगळं मातीत घातलं होतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

आजीने त्या संध्याकाळी कालवांची सुरी खाली ठेवली, रबरी हातमोजे काढले आणि शांतपणे सांगितलं, "बाई, आता पुरे. तुम्ही चांगल्या आहात, पण पोर माझी हरवली होती."

"आजी, चूक जाकिटाची आहे, तिची नाही. मला अजून एक महिना द्या."

"मला जाकीट कळत नाही. देवीला विचारते. ती नाही म्हणाली तर माझ्या शेजारी स्टूल आहे."

देवीचा उत्सव आटोपल्यावर सगळी वरात देवळात. चेअरमननी आजीच्या वतीने विचारलं, पोरीला पुन्हा बसमध्ये बसवायचं का? अर्धचंद्र पडले, होकार. आजीने सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता की काळजीचा, ते फांगबाईंना कळलं नाही.

"आता जाकीट काढून टाकायचं, एवढं विचारा," फांगबाई म्हणाल्या.

"तसं कसं? जाकीट राहू दे का, असं विचारतो." चेअरमननी टाकले. होकार. त्यांचा चेहरा उजळला. "बघा. देवीलाच हवं आहे."

फांगबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसांशी भांडता येतं, देवीशी कसं भांडणार? पण वर्षभर अनुदानासाठी दारोदार फिरून त्या एक गोष्ट पक्की शिकल्या होत्या, उत्तर नको असेल तर प्रश्न बदलावा. "कुणी घालायचं ते विचारलंत का?" त्या म्हणाल्या. "यानकाकूंनी?"

चेअरमननी नाराजीने टाकले. दोन्ही पालथे. नकार.

"मग बाईंनी?" चेअरमननी पुन्हा टाकले. नकार.

कोपऱ्यातून आजी म्हणाली, "छातीवर नाव कुणाचं आहे? त्याचंच विचारा की."

देवळात उदबत्ती विकणारी बाईसुद्धा मान लांब करून बघू लागली. चेअरमननी अर्धचंद्र हातात बराच वेळ धरून ठेवले. मग टाकले. एक उताणा, एक पालथा. यानकाकू तोंडावर हात धरून खुदखुदत बाहेर पळाली.

"मी?" चेअरमन म्हणाले. "मी बसमध्ये बसून करू काय?"

ते मात्र फांगबाईंना त्याच क्षणी सुचलं होतं. "काही नाही करायचं. तुम्ही चुकीच्या बसमध्ये बसायचं."

त्या थांब्यावर दोन बस येतात, एक शहराची, एक बंदराची. दुसऱ्या दिवसापासून लू चेअरमन केशरी जाकीट चढवून सकाळी थांब्यावर हजर. बंदराची बस आली की चढायचे आणि दारातून हात हलवायचे, "ये, ये." यानकाकू साध्या कपड्यांत लांब उभी. पहिल्या दिवशी आ-छिंग बिनबोभाट त्यांच्या मागे चढली आणि बंदरावर जाऊन आली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी फांगबाईंना कळलं की चेअरमन तिला तिकडे माशांच्या गोळ्यांचं सूप पाजत होते.

"चेअरमनसाहेब, चुकीच्या बसला तुम्ही बक्षीस देताय."

"पोर उपाशी होती हो."

"ती घरून भात खाऊन येते."

"मला ही लबाडी वाटते, बाई. लेकराला हात करून बोलवायचं आणि फसवायचं."

"अट कुणाची होती?" बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून सूप बंद झालं. बंदरावर आ-छिंगला काही मिळेना, उलट परत येऊन शहराच्या बसने गेलं की व्यवसायशाळेत घडी घालायला चादरी मिळत. एके सकाळी बंदराच्या बसच्या पायरीवर तिने एक पाय ठेवला आणि थांबली. पाटीकडे पाहिलं. पाय खाली घेतला. लांब उभ्या फांगबाईंना ओरडावंसं वाटलं, पण त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर ती त्यांचा आवाज शिकली असती.

शाळेने सांगितलेला दिवस आला. पोर आपली आपण फाटकात आली तर जागा तिची, नाहीतर यादीतल्या दुसऱ्या मुलाची. यानकाकू घरी. स्कूटर घरी. आजी मात्र हातमोज्यांसकट थांब्यावर येऊन उभी राहिली होती, आणि तिला परत पाठवायची हिंमत कुणाला झाली नाही.

आधी बंदराची बस आली. जाकीट चढलं. दारातून हात हलला. आ-छिंग त्या बसकडे चालू लागली. आजीने फांगबाईंचा दंड धरला, मोज्याच्या ओल्या पकडीत. आ-छिंग थेट दारापाशी गेली. पायरीसमोर उभी राहिली. वर चढली नाही. तिने हात लांब करून चेअरमनच्या जाकिटाची कड धरली.

"आजोबा, उतरा," ती म्हणाली. "ही चुकीची."

लू चेअरमननी ड्रायव्हरकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि मुकाट्याने उतरले. बंदराची बस त्यांना सोडून गेली. मागून शहराची बस दिसली. आ-छिंगने हात केला. बस थांबली. इतक्या दिवसांच्या सवयीने चेअरमन तिच्यामागे दोन पावलं निघाले.

ती वळली. "तुम्ही नाही," ती म्हणाली. "मी."

कार्ड टेकल्याचा आवाज झाला, दार बंद झालं. आ-छिंगने खिडकीतून मागे पाहिलं नाही. ती पुढे बघत होती, जशी बसमधली बाकीची माणसं बघत होती.

मग ती तिघं थांब्याच्या बाकावर बसून राहिली. चेअरमन जाकिटाची कड सारखी करत होते. बऱ्याच वेळाने फांगबाईंचा फोन वाजला. शाळेतली शिक्षिका होती. "आली," ती म्हणाली. "एकटीच आली. आल्या आल्या विचारते, चादर कुठे?" फांगबाईंनी आजीला सांगितलं. आजीने मान हलवली, ती उठली, आणि कालवं वाट बघताहेत म्हणत घराकडे चालू लागली. चार पावलांवर जाऊन तिने मोज्याच्या पाठीने डोळे पुसले.

चेअरमननी घसा खाकरला. "फोटो तेवढा काढलात ना? समितीला शेवटचा लागेल."

फांगबाईंनी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला, फोन लांब धरला, जवळ धरला. फोटोत रस्ता होता, थोडी धूळ होती, आणि लांब जाणारी बसची पाठ.

"बाई, यात तर आपलं कुणीच नाही."

"हो," फांगबाई म्हणाल्या. "वर्षभर ह्याचेच पैसे मागत होते मी."